सुजलेला प्रत्येक सांधा चिकुनगुनियाचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की पुण्यात सांधे धरलेल्यांची संख्या वाढते. २०२४मध्ये शहरात चिकुनगुनियाने धुमाकूळ घातल्यापासून तर कोणताही सांधा सुजला की घरीच निदान होते : 'चिकुनगुनिया असेल, जाईल महिन्या-दोन महिन्यांत.' बऱ्याचदा ते खरेही निघते. ज्यांच्या बाबतीत ते खरे नसते, त्यांचा मात्र वाट पाहण्यात सांधा जातो.

चिकुनगुनियात ताप एकदम चढतो आणि त्याच सुमारास घोटे, मनगटे, बोटे असे अनेक सांधे, बहुधा दोन्ही बाजूंचे, धरतात. पहिल्या आठवड्यात पीसीआर (रक्तातला विषाणू थेट शोधणारी) चाचणी कामाची. आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) साधारण पाचव्या दिवसानंतर सापडते, म्हणून तिच्या दुसऱ्या दिवशीच्या 'निगेटिव्ह' रिपोर्टला अर्थ नाही. उलट ती महिनोन्महिने पॉझिटिव्ह राहू शकते. गणपतीतल्या तापाचा रिपोर्ट संक्रांतीला सुजलेल्या गुडघ्याला चिकटवणेही चूकच. दिवसा चावणारा तोच एडिस डास डेंगीही पसरवतो. त्यामुळे डेंगी नाही हे कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉलवर भागवावे, तेही मोठ्या माणसाने दिवसाला तीन ग्रॅमच्या आत.

ज्याला थांबायला वेळच नाही तो प्रकार वेगळा. एकच सांधा, तासा-दिवसांत टम्म फुगलेला, हाताला गरम, हलवू म्हटले तरी हलत नाही. आत पू असेल तर काही दिवसांत कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर) कायमची खराब होते. मधुमेही, वृद्ध आणि स्टेरॉइडवर असलेल्यांना अशा वेळी ताप येईलच असे नाही. 'ताप नाही, म्हणजे जंतुसंसर्ग नाही' हा हिशेब इथे फसतो. त्याच दिवशी सुईने सांध्यातले पाणी काढून तपासायला हवे. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम तीन-चार मिलिलिटर असते, फिकट पिवळे आणि इतके नितळ, की नळीमागे हेच वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता यावीत. सुईच्या टोकाशी त्याची तार धरते. दाह असला की ते गढूळ आणि पातळ होते, अक्षरे पुसट होतात. पांढऱ्या पेशी एरवी घन मिलिमीटरला दोनशेच्या आत असतात. त्या पन्नास हजारांवर गेल्या तर पू गृहीत धरूनच पावले उचलावी लागतात. मेडिकलमधून आणलेले अँटिबायोटिक आधीच पोटात गेले असेल, तर कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू उगवत नाहीत आणि नेमके औषध ठरवता येत नाही. पाणी काढल्याने सांधा 'कोरडा पडतो' ही भीती निराधार आहे.

रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद झाला आणि वरची चादरही सोसेना, तर बहुधा गाऊट (यूरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा दाह). ऐन झटक्यात यूरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकते, ते झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

बोटांची पेरे आणि मनगटे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेली राहत असतील आणि सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर तो आमवात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) असू शकतो; संधिवाततज्ज्ञ गाठावा, आधी चिकुनगुनिया झालेला असला तरीही. लॅबच्या पॅकेजमधल्या तपासण्यांवर विसंबू नये. आरए फॅक्टर (आमवातासाठी होणारी रक्तचाचणी) निरोगी वृद्धांतही पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असलेल्या अनेकांत येत नाही. वाढलेले एएसओ (रक्तातली स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धची प्रतिपिंडे) एवढेच सांगते, की घशाला वगैरे स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला. केवळ त्या आकड्यापोटी पेनिसिलिनची इंजेक्शने घेत राहणारे लोक आजही आहेत. आमवातात मेथोट्रेक्सेट दिले जाते ते आठवड्यातून एकदाच. रोजची गोळी समजून घेतल्यास तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, 'सोमवार' असा, अक्षरी.

दोन दिवसांत उठवून बसवणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. साखर चढते, चेहरा गोल होतो, खुब्याचे हाड सुकू शकते. आणि अशी पुडी फार दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे. पुडीच डॉक्टरांना नेऊन दाखवावी, रागावतील म्हणून लपवू नये.

घरी काय करावे? गरम, सुजलेल्या सांध्याला शेक किंवा तेलाने रगडणे नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. गुडघ्याखाली उशी मात्र काढून टाकावी. थोडा वाकलेला गुडघा पाण्याला जास्तीत जास्त जागा देतो म्हणून बरे वाटते, पण रात्रंदिवस तसा ठेवला तर तो पुढे सरळच होत नाही. शिवाय सांध्यात पाणी साठले की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो आणि झपाट्याने आटतो. त्यासाठी, जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्यावर, पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच अंक मोजून सोडावी. दहा वेळा, दिवसातून तीनदा. व्यायाम झाला की गुंडाळी काढून ठेवावी.

– संधिवाताच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर, पुणे