टायर तिने विकलेच नव्हते

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या गाजलेल्या जुन्या फोटोंवर पानभर मजकूर आला. फोटो स्वच्छ छापलेत, छपाईला नावे ठेवायला जागा नाही. पण हनुवटीशी हात नेऊन दूर कुठेतरी पाहणारी बाई, खांद्यांवर माना टाकून पाठमोरी झालेली दोन लेकरे, मांडीवर तान्हे, या फोटोखालची ओळ मी दोनदा वाचली. ‘मुलांच्या पोटासाठी गाडीचे टायर विकणारी अनामिक माता, अमेरिका, १९३६.’ यात देश आणि साल तेवढे बरोबर आहे.

मी वाईत चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. या फोटोबद्दल जेवढे मिळेल तेवढे वाचत आलो, म्हणून हे पत्र.

फोटो डोरोथिआ लँग यांचा. बाई मूळच्या आमच्यासारख्याच स्टुडिओवाल्या, सॅन फ्रान्सिस्कोत श्रीमंत घरांतल्या माणसांचे पोर्ट्रेट काढायच्या. महामंदी आली तसा त्यांनी कॅमेरा रस्त्यावर आणला आणि पुढे शेतमजुरांचे हाल टिपायला सरकारी नोकरी धरली. मार्च १९३६ मध्ये महिनाभराची भटकंती आटोपून त्या गाडीने घरी निघाल्या होत्या. पाऊस लागला होता. कॅलिफोर्नियात निपोमो गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली, ती मागे टाकून त्या वीसेक मैल पुढे गेल्याही. मन ऐकेना, तेव्हा गाडी वळवली. थंडीने वाटाण्याचे पीक गेले होते आणि मजूर काम नसताना तळावर अडकून पडले होते. एका कनातीखाली बसलेल्या या बाईचे त्यांनी पाच-सहा फोटो घेतले, दर वेळी थोडे जवळ सरकत. आपण पाहतो तो सगळ्यांत जवळचा.

वय विचारले. बत्तीस. नाव विचारले नाही. हे लँगबाईंनीच १९६० साली लिहून ठेवले आहे. टायर विकल्याची गोष्टही त्यांच्याच लेखातली आणि ती पुढे सगळ्यांनी जशीच्या तशी उचलली. त्या बाईच्या मुलाने मात्र नंतर स्पष्ट सांगितले की, विकायला आमच्याकडे टायर होतेच कुठे? होते ते गाडीला आणि त्याच गाडीत बसून आम्ही तिथून निघालो. खरे तर हे कुटुंब त्या तळावरचे नव्हतेच. जाता जाता हमरस्त्यावर गाडीची टायमिंग चेन तुटली, घरधनी मोठ्या पोरांना घेऊन दुरुस्तीसाठी गावात गेला आणि बाई धाकट्यांना घेऊन आडोसा करून त्याची वाट पाहत बसली. लँगबाईंच्या टिपणांत दुसऱ्याच कुणाची हकीकत या बाईला चिकटली असावी. दिवसाला पन्नास माणसे कॅमेऱ्यासमोर आली की असे होते. लग्नसराईत मीही एका वऱ्हाडाचे पाकीट दुसऱ्याला दिले आहे.

त्या तळावरचे फोटो १० मार्चला सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आले आणि सरकारने निपोमोला वीस हजार पौंड, म्हणजे नऊ हजार किलोंच्या आसपास अन्न धाडले. तोवर या बाईचे बिऱ्हाड पुढच्या कामाला वॉटसनव्हिलला गेले होते. त्यातला एक घासही तिच्या पोरांच्या वाट्याला आला नाही.

आता नावाचे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावच्या ‘मोडेस्टो बी’ या दैनिकाच्या बातमीदाराने तिला शोधून काढले. तेव्हा तिचे पत्र त्या दैनिकात छापून आले. होय संपादक महाराज, वाचकाचे पत्रच. ती संतापलेली होती. फोटोचा मला एक पैसा मिळाला नाही, माझे नाव विचारले नाही, फोटो काढणारी बाई फोटो विकणार नाही म्हणाली होती, एक प्रत पाठवते म्हणाली होती, तीही आली नाही, असे तिचे म्हणणे. पैशाच्या बाबतीत लँगबाईंकडे बोट दाखवता येत नाही. फोटो सरकारी कामातला, त्यामुळे तो कुणीही छापू शकतो आणि त्यांनाही विक्रीचे काही मिळत नव्हते. पण प्रतीचे काय? एक प्रत काढायला कितीसा कागद लागतो?

बाईचे नाव फ्लॉरेन्स लिओना थॉम्पसन. जन्म १९०३, आजच्या ओक्लाहोमात. ती चेरोकी होती, म्हणजे त्या मातीतल्या मूळ रहिवाशांपैकी. धुळीच्या वादळांनी शेते गेली म्हणून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या गोऱ्या शेतकऱ्यांची माता म्हणून तिचा फोटो जगभर लागला. प्रत्यक्षात ती वादळांच्या आधीच कॅलिफोर्नियात आली होती. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी मदतीची हाक दिली आणि देशभरातून पत्रे आणि हजारो डॉलर आले. त्याच सप्टेंबरात ती गेली. १९९८ मध्ये तिच्या फोटोचे टपाल तिकीट निघाले, किंमत बत्तीस सेंट. तिचे तेव्हाचे वय बत्तीस, हा योगायोगच, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

एक गोष्ट धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. मूळ फोटोत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात कनातीचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँगबाईंना तो खुपला आणि दोन-तीन वर्षांनी त्यांनी निगेटिव्हवर रिटचिंग करून तो घालवला. नीट पाहिले तर अंगठ्याची पुसट सावली अजून दिसते. आम्हीही शिसपेन्सिलीला टोक काढून निगेटिव्हवर देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवायचो. मुलीचा ‘दाखवायचा’ फोटो असला की जरा जास्तच. तेव्हा अंगठ्यावरून मी त्यांना बोल लावणार नाही. अंगठा गेला तरी फोटो खोटा होत नाही. टायरच्या गोष्टीने होतो.

याच्या उलट एक फोटो आपल्या घरातला आहे. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय. आपली आनंदीबाई जोशी, जपानची केई ओकामी, दमास्कसची सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या पेहरावात. खाली तिघींची नावे आणि गावे लिहिलेली आहेत. आनंदीबाई बंगालमधल्या ज्या सेरामपूरहून निघाल्या, त्या नावाचे स्पेलिंग पार बिघडले आहे आणि तिघींच्या नावामागे ‘डॉक्टर’ आहे. आनंदीबाईंना पदवी ११ मार्च १८८६ ला मिळाली, ओकामीला १८८९ साली, इस्लामबूलीला १८९० साली, म्हणजे तो मजकूर मागाहून कुणीतरी घातला. असू द्या. चुकला असेल, पण त्याने नावे लिहिली, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण बाकीच्या दोघींनाही ओळखतो. आपल्याकडे मात्र हा फोटो छापताना कात्री चालते आणि आनंदीबाई तेवढ्या उरतात. आपल्याही अंकात हे मी एकदा पाहिले आहे.

मी तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? आमच्या दुकानात प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर नंबर, नाव, गाव, तारीख असे, ही वडिलांची शिस्त. पण १९८४ च्या सुमारास आठवडी बाजारात बांगड्या भरणाऱ्या एका कासारणीचा फोटो मी असाच उभ्या उभ्या काढला. इतका सुरेख आला की मोठा करून शोकेसमध्ये लावला. पंधरा दिवसांनी ती दारात उभी. “माझा फोटू हितं कुणाला इचारून टांगलासा?” मी ओशाळलो, प्रत फुकट देतो म्हणालो. “फुकाट नगं. खाली घ्या.” घेतला. तिच्यासमोरच काच सरकवून काढला आणि तिने तो गुंडाळून नेला. निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे, पाकिटावर नंबर आणि तारीख आहे. नाव विचारायचे त्या दिवशीही राहिले.

तर विनंती एवढीच, की येत्या रविवारी दुरुस्ती छापावी. चौकट लहान असली तरी चालेल, टायरचा उल्लेख नको आणि नाव पूर्ण हवे: फ्लॉरेन्स लिओना थॉम्पसन.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
वाई, जि. सातारा