पशुवैद्यकीय प्रवेशाच्या चुकीच्या मार्गदर्शनाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
करिअर मार्गदर्शन सेवा, मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक : ४ जुलै २०२५

विषय : नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा अर्ज भरू नका असा चुकीचा सल्ला दिल्याबद्दल तक्रार, शुल्क परत मिळणे आणि हाच अहवाल मिळालेल्या इतर मुलांना ताबडतोब कळवणे याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी फलटण तालुक्यातली एक पालक आहे. आमची तीन एकर शेती आहे आणि गोठ्यात नऊ गाई. जानेवारी २०२३ मध्ये माझी मुलगी दहावीत असताना तुमची माणसं तिच्या शाळेत आली होती. कलचाचणी, तिचा छापील अहवाल, पुढच्या दोन वर्षांत पाच भेटी आणि ‘बारावीनंतर प्रवेश होईपर्यंत साथ’ एवढ्याचे तुम्ही १२,५०० रुपये घेतलेत. आम्ही ते दुधाच्या दोन पगारांतून भरले. पावती जपून ठेवली आहे, तिची प्रत या पत्राला जोडली आहे.

पशुवैद्यकीय पदवीला नीट लागत नाही, बारावीनंतरची राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा पुरते, असं तुमच्या अहवालात छापलं आहे आणि तुमच्या समुपदेशकांनी पुन्हा व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं. हे खरं नाही. त्यावर विसंबून माझ्या मुलीने नीटचा अर्ज भरला नाही आणि तिचं एक वर्ष गेलं. तक्रार ही आहे. मार्चपासून तीन वेळा लिहूनही तुम्ही ती लक्ष देऊन वाचलेली दिसत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं आहे हे आम्ही तिच्या डोक्यात घातलेलं नाही. २०२२ च्या लम्पी या गुरांच्या आजाराच्या साथीत आमची एक कालवड गेली. तेव्हा ही नववी पास होऊन दहावीत आली होती. तिने एक वही केली. कोणत्या गाईला किती ताप, कोणी चारा सोडला, लस कधी टोचली, गाठी कुठे आल्या, सगळं रोज संध्याकाळी त्यात लिहायची. दवाखान्याचे डॉक्टर आले की ती वही त्यांच्यापुढे धरायची. तुमच्या पहिल्या भेटीत तिने तीच वही तुमच्या मॅडमना दाखवली होती. मॅडमनी ती मन लावून पाहिली, तिच्याशी जवळजवळ पाऊण तास बोलल्या. त्या भेटीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कलचाचणीचा निकालही पटण्यासारखाच होता. परतताना एसटीत ती सारखं म्हणत होती, “आई, त्यांना कळलं मला काय करायचंय ते.”

शाळेतल्या बाईंनी आम्हाला शासनाच्या महाकरिअर पोर्टलबद्दल सांगितलं होतं. ते २०२० पासून आहे आणि फुकट आहे. तरी आम्ही तुमच्याकडे पैसे भरले, कारण तिथे वाचून जे कळलं नाही ते विचारायला समोर कोणी नसतं. आम्ही दोघं नवरा-बायको बारावीच्या पुढे शिकलेलो नाही. चुकलं तर सांगणारा माणूस हवा होता. १२,५०० रुपये त्या माणसासाठी होते.

आता अहवालाचं अकरावं पान बघा. त्यावर तिच्यासाठी दोन अभ्यासक्रम सगळ्यात वर दिले आहेत. पहिला पशुवैद्यकीय पदवी, दुसरा दुग्धतंत्रज्ञानाची बी.टेक. पशुवैद्यकीयपुढे ‘प्रवेश परीक्षा : एमएचटी-सीईटी, पीसीबी गट’, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची सीईटी, असं छापलं आहे. त्याच पानावर खाली सल्ला आहे, ‘अकरावीत गणित सोडावे, त्याऐवजी भूगोल घ्यावा, म्हणजे भार कमी होईल.’ तिने ऐकलं. गणित सोडलं. दहावीला गणितात चांगले गुण असूनही सोडलं.

पण दुग्धतंत्रज्ञानाच्या बी.टेक.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर गणितच लागतं. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या अभ्यासक्रमाला परीक्षा चुकीची सांगितली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या अभ्यासक्रमाला लागणारा विषयच सोडायला लावला. दोन्ही एकाच पानावर. हे पान छापण्याआधी तुमच्याकडे कोणी वाचलं होतं का, हा प्रश्न मी मार्चपासून विचारते आहे.

यंदा जानेवारीत तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या सरांनी वर्गात सांगितलं की बायोलॉजीवाल्यांनी सीईटी आणि नीट दोन्हींचे अर्ज भरून ठेवावेत. तिने घरी येऊन विचारलं. मला वाटलं, तुम्हाला विचारूनच ठरवावं, त्यासाठीच तर पैसे भरलेत. मी तुमच्या समुपदेशकांना फोन केला. त्यांनी फोनवर ऐकून घेतलं आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहिलं : ‘नीट एमबीबीएसवाल्यांसाठी असते. व्हेटरनरीला सीईटी चालते. दोन परीक्षांच्या नादात तिचं लक्ष उडेल, सीईटीवरच राहू द्या.’ त्या मेसेजची छायाप्रत जोडली आहे, तारीख आणि वेळ दोन्ही त्यावर दिसतात.

नीट २०२५ चे अर्ज ७ फेब्रुवारीला सुरू झाले आणि ७ मार्चला बंद झाले. इतर मागास वर्गासाठी त्याची फी १,६०० रुपये होती. आम्हाला ती जड नव्हती. नुसतं ‘भरून ठेवा’ एवढं जरी कोणी म्हटलं असतं तरी भरला असता.

२२ मार्चला आमच्या एका गाईला दगडी, म्हणजे कासेचा आजार, झाली. एक सड पार कडक, दुधात गाठी. तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी आले. त्यांनी इंजेक्शन देता देता मुलीला सहज विचारलं, “काय मग, नीटची तयारी कशी चाललीय?” ती म्हणाली, “नाही सर, माझी सीईटी आहे. व्हेटरनरीला सीईटीच असते ना?” डॉक्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ करतं आणि ते नीटच्या गुणांवरच होतात. देशभरातून भरल्या जाणाऱ्या पंधरा टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, त्याही नीटवरच. सीईटीवर कृषी पदवी मिळू शकते, पशुवैद्यकीय नाही.

अर्ज बंद होऊन पंधरा दिवस झाले होते.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती लम्पीची वही कपाटात वर ठेवून दिली. मला त्याचंच जास्त लागलं. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्या घरापासून दीड तासाच्या अंतरावर आहे. लोणंदवरून जाताना तिने ते बाहेरून कितीतरी वेळा पाहिलं आहे. मुलगी घरापासून लांब जाऊ नये म्हणून आम्ही तिला अडवलेलं नाही. परभणी, उदगीर, नागपूर, कुठेही पाठवायची तयारी होती.

तुमच्या एप्रिलच्या उत्तरात ‘सीईटीची तयारी झालेलीच आहे, ती पुढच्या वर्षी नीटला उपयोगी पडेल’ असं वाक्य आहे. तयारी कशी असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण वीस टक्के वजन असतं, उरलेलं बारावीला, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, एनसीईआरटीची पुस्तकं ओळीओळीने वाचावी लागतात आणि प्रत्येक चुकीला एक गुण जातो. दोन वर्षं तिने तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे अकरावीला कमी वेळ दिला. आता ती अकरावीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करते आहे.

तिने यंदा सीईटी दिली. कृषी पदवीला कुठे ना कुठे नंबर लागेल, पण तिला जनावरांमध्येच काम करायचं आहे. तिने आणि आम्ही मिळून ठरवलं आहे की एक वर्ष थांबायचं आणि नीट द्यायची. हा निर्णय आमचा आहे, त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण थांबण्याची वेळ तुमच्यामुळे आली. शेजारची मुलगी यंदा पुण्याला जाणार म्हणून तिच्या घरी पेढे वाटले. आमची लेक तिथे जाऊन हसून पेढा घेऊन आली.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती पैशाची आहे. जूनमध्ये तुम्ही ‘तुमच्यासाठी योग्य महाविद्यालये’ म्हणून सहा नावांची यादी पाठवली. त्यातली पाच खासगी विद्यापीठं आहेत आणि तीन तर राज्याबाहेरची. एकाची वर्षाची फी १,८०,००० रुपये. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, एकाचंही नाव त्यात नाही. राहुरी आमच्या जिल्ह्याच्या मुलांना तोंडपाठ आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, इतर मागास वर्गातल्या मुलींनासुद्धा, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचे अभ्यासक्रमही त्यात येतात. आमचं उत्पन्न तुमच्याच अर्जात लिहून घेतलेलं आहे. तरी तुमच्या एकाही भेटीत या माफीचा उल्लेख झाला नाही. नॉन-क्रीमीलेअर दाखला वेळेत काढून ठेवा, हेही सेतूतल्या मुलाने सांगितलं, तुम्ही नाही.

ही यादी कशी तयार होते? त्या विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे तुम्हाला काही रक्कम मिळते का? मी आरोप करत नाही, विचारते आहे. याचं उत्तर मला लेखी हवं आहे. मिळत असेल तर पैसे घेतानाच पालकांना ते सांगायला हवं होतं.

तुमची आजवरची उत्तरं अशी आहेत. २६ मार्च : तक्रार नोंदवली आहे. १५ एप्रिल : प्रवेशाचे नियम बदलत असतात, सोबत पुढच्या वर्षाच्या तयारीच्या योजनेवर वीस टक्के सवलत. ९ मे : अटींनुसार मार्गदर्शन हे फक्त सल्ल्याच्या स्वरूपाचे असते, अंतिम जबाबदारी पालकांची. नियम बदलत असतात हे मला मान्य आहे, पण हा नियम मुलगी बारावीत असताना बदललेला नाही. आणि सवलतीचं पत्र वाचून तिचे वडील बराच वेळ गप्प बसले. ज्या चुकीने वर्ष गेलं, त्याच वर्षासाठी पुन्हा तुम्हालाच पैसे द्यायचे, हे कोणत्या घराला सुचेल?

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र दुसऱ्याच गोष्टीची आहे. मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीवरच्या एका मुलाचा अहवाल मी पाहिला. तो यंदा दहावी झाला. तुमची माणसं जानेवारीत पुन्हा त्याच शाळेत आली होती. त्याच्या अहवालात तेच पान आहे. तीच सीईटी, तोच भूगोल, अक्षर न् अक्षर तेच. मी मार्चमध्ये चूक दाखवूनही तुम्ही मागे वळून ते अहवाल दुरुस्त केले नाहीत. यंदा अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन होत आहेत आणि मुलं विषय आत्ताच निवडत आहेत. त्या मुलाला मी सांगितलं, पण ज्यांच्या घरी हे सांगायला कोणी नाही त्यांचं काय? तालुक्यात, जिल्ह्यात असे अहवाल किती गेलेत ते तुमच्याच संगणकात आहे.

म्हणून पहिली मागणी त्यांच्यासाठी आहे. हे पान ज्या ज्या विद्यार्थ्याला गेलं आहे, मग तो अकरावीत असो की बारावीत, त्याच्या पालकांना आठ दिवसांत मराठीत, फोन करून आणि लेखीही कळवा की पशुवैद्यकीयला नीट लागते आणि दुग्धतंत्रज्ञानाला गणित लागतं. ‘अद्ययावत माहिती’ असं गुळमुळीत लिहू नका. आधीचं चुकलं होतं असं स्पष्ट लिहा, नाहीतर कोणी लक्ष देणार नाही. ते कळवल्याची प्रत मला पाठवा.

आमचे १२,५०० रुपये पूर्ण परत हवेत. त्याबरोबर चूक मान्य करणारं, जबाबदार व्यक्तीच्या सहीचं पत्र हवं. ते पत्र मला मुलीच्या हातात द्यायचं आहे. चूक आपली होती, आपण पुरेशी चौकशी केली नाही, असं ती अजूनही स्वतःलाच म्हणते. सतरा वर्षांच्या मुलीने पैसे भरून मोठ्या माणसांना विचारलं होतं, याहून जास्त चौकशी ती काय करणार होती? आणि जानेवारीत उत्तर देणाऱ्या समुपदेशकांना नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही. त्यांना कोणी शिकवलं नसेल. त्यांना शिकवा, आणि प्रत्येक अहवालावर माहिती कोणत्या वर्षीच्या माहितीपत्रकातून घेतली ते छापा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यासाठी पुण्याला यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर मी आधीच चौकशी केली आहे. पावती, अकरावं पान, व्हॉट्सॲप मेसेज, जूनची यादी आणि तुमची तिन्ही उत्तरं यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याजवळ आहेत.

फोन करायचा असेल तर सकाळी धारा झाल्यावर, साडेआठनंतर करावा. दुपारी तिची अभ्यासाची वेळ असते आणि घरात एकच फोन आहे.

आपली,
एक पालक
ता. फलटण, जि. सातारा