चिऊच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

चिऊला परवा पाच महिने झाले. दूध पिताना आता ती मध्येच थांबून धापा टाकत नाही. हे एवढं वाक्य लिहितानाही माझे डोळे भरून आलेत.

तुमच्याकडे आलो तेव्हा ती अकरा दिवसांची होती. आधीच्या हॉस्पिटलात आठवडाभर न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं दिली. धाप वाढतच गेली. मग एक्स-रेत डावी बाजू काळी दिसली, तर म्हणे फुप्फुसाबाहेर हवा साठलीय, छातीत नळी टाकू. मी काही विचारलं की, "डॉक्टर तुम्ही की आम्ही?" ते अजून सलतं.

तुम्ही तीच फिल्म खिडकीच्या उजेडात धरलीत आणि मला जवळ बोलावून काळ्या भागातल्या बारीक रेषा दाखवल्यात. हवा बाहेर नाही, डाव्या फुप्फुसाचा वरचा भागच फुगलाय. हवा आत जाते, पण निघत नाही, म्हणून खालचा भाग चेपलाय आणि हृदय उजवीकडे सरकलंय. नळी टाकली असती तर त्या फुगलेल्या फुप्फुसातच घुसली असती. कंजेनायटल लोबर एम्फिसीमा हे नाव मला नंतर पाठ झालं. तेवढा भाग काढला की उरलेलं फुप्फुस पसरतं, लहानपणी नवे वायुकोशही तयार होत राहतात, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की सासूबाईंनाही कळलं.

ऑपरेशनचं मी काय लिहिणार! मला आठवते ती चिकटपट्टी. फाइलवर नुसतं 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. बारसं राहिलं होतं, बाराव्या दिवशीच तर ऑपरेशन. तुम्ही विचारलंत, "घरात काय हाक मारता?" सासूबाई म्हणाल्या, "चिऊ." तुम्ही खिशातलं पेन काढून पांढऱ्या चिकटपट्टीवर 'चिऊ' लिहिलंत आणि ती वॉर्मरला लावलीत. त्या क्षणापासून सिस्टर, मावशी, रात्रीचा वॉर्डबॉय, सगळे तिला चिऊच म्हणू लागले. तोवर माझी लेक म्हणजे एक केस होती.

बाहेर पेशंटची रांग होती, तरी तुम्हाला नाव विचारावंसं वाटलं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचा धीर टिकतो.

बारसं पुढे रामबागेतल्या घरीच केलं. कागदोपत्री नाव वेगळं आहे. पण पाळण्याच्या दांडीला तुमची चिकटपट्टी आहे, शाई थोडी पुसट झालीय.

तुमची ऋणी,
चिऊची आई
इंदूर