आबासाहेब, सांगोल्याच्या मुरमाड रानातून आपले आभार

ती. स्व. गणपतराव देशमुख तथा आबासाहेब यांस,
सादर प्रणाम.

आपण सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेलात, हे सारा महाराष्ट्र जाणतो आणि त्याचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. मला आपले आभार मानायचे आहेत ते त्या वर्षांतून आमच्या रानाच्या पदरात जे पडले त्याबद्दल.

१९७२ च्या दुष्काळात माझे आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि हजेरीपटावर नाव लागले तरच घरातली चूल पेटत होती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत आपला पराभव झाला होता. परंतु १९७४ च्या पोटनिवडणुकीने आपण पुन्हा सभागृहात गेलात, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला तेव्हा आमच्या दुष्काळी मुलखाचा माणूस तेथे बसलेला होता, याचे मोल खडी फोडलेल्या हातांनाच कळेल. पुढे १९९० पासून याच रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले आणि ज्या माळावर बाजरीसुद्धा धड येत नव्हती, तेथे वडिलांनी खड्डे घेऊन डाळिंबाची रोपे लावली. आज त्याच रानात मी मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरतो. बागेचे पाणी काही काळ तोडून तिला ताण देऊन, पानगळ करून, छाटणीनंतर पहिले पाणी सोडताना ते कोठून आले याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पाण्याचा प्रश्न तर आपण जन्मभर सोडला नाही. कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने माणदेशापर्यंत आणायचे, हे काम एका सरकारच्या कारकिर्दीत होणारे नव्हते. सरकारे बदलत गेली, निधी अडत गेला, आणि आपण मात्र दर अधिवेशनात तोच प्रश्न मांडत राहिलात; सभागृहाबाहेर स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या बरोबरीने आटपाडीच्या पाणी परिषदेत दुष्काळी तालुक्यांना एकत्र बसवलेत. बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून, मंत्रिपद अगदी थोडा काळ लाभलेले असताना, एवढा दीर्घ पाठपुरावा करणे किती चिकाटीचे काम आहे, हे पाटाच्या शेवटच्या टोकाला पाण्याची पाळी येण्याची वाट पाहणारा शेतकरी नेमके ओळखतो.

१९९५ साली अवघ्या १९२ मतांनी आपण हरलात. त्यानंतरही आपला शेतकरी कामगार पक्ष बदलला नाही, लाल बावटा बदलला नाही आणि मुंबईला जाण्यासाठी एसटीची गाडीही बदलली नाही. आमदाराला भेटायचे म्हणजे कोणाची तरी ओळख काढावी लागते, ही गोष्ट त्यामुळे आमच्या पिढीला फार उशिरा समजली. एसटीत शेजारच्या बाकावर बसून अर्ज देता येतो, अशीच आमची समजूत होती. २०१४ साली, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर, तालुक्याने आपल्याला पुन्हा निवडून दिले ते याच विश्वासाने.

तेलकट डागाच्या रोगाने आमच्या कित्येक बागा काढाव्या लागल्या, आणि टेंभू व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आजही काही गावांना वेळेवर मिळत नाही. त्यासाठी आम्ही अर्ज करतो, मोर्चे काढतो, अधिवेशनात प्रश्न लागला की नाही याची चौकशी करतो. मागणी कागदावर कशी आणायची आणि ती वर्षानुवर्षे कशी लावून धरायची, हे आम्ही आपल्याकडूनच शिकलो. त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आपला नम्र,
सांगोला तालुक्यातील एक डाळिंब उत्पादक शेतकरी
जि. सोलापूर