बिल कधी येणार एवढं कळलं तरी माणूस झोपेल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मोबाईलवर रोज सकाळी कोणी ना कोणी पाठवतंच, की पैशाने गादी विकत घेता येते पण झोप नाही. परवा गावातल्या सप्ताहातपण महाराजांनी हेच सांगितलं, समाधान मानण्यावर असतं म्हणून, आणि मंडपात निम्मी माणसं अशी बसलेली की ज्यांचा ऊस जानेवारीत कारखान्याला गेलाय आणि बिलाचा, म्हणजे उसाच्या पैशाचा, अजून पत्ता नाही. मला ते ऐकवेना म्हणून हे पत्र.

मी रिटायर्ड शिक्षक आहे, धाकटा भाऊ शेती बघतो, सगळा आडसाली ऊस. ऊस चांगला साधला तर त्याच्या खात्यावर एकदम जी रक्कम येते तेवढी मला नोकरीत एकरकमी कधी दिसली नाही. पण माझा पगार महिन्याच्या महिन्याला यायचा, कधी लांबला तर लगेच संघटना निवेदन घेऊन जायची, त्यामुळे पोरांची फी, आईचं औषध, एलआयसी सगळं आधीच ठरलेलं असायचं आणि डोक्याला ताप नसायचा. भावाचं तसं नाही. लावण केल्यापासून दीड वर्ष नुसतं घालायचंच, बी, खत, लाईट बिल, मग तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरायचं, ऊस तोडणाऱ्या टोळीला खुशाली म्हणून वर पैसे द्यायचे, आणि एवढं करून ऊस गेला की पुन्हा वाट बघायची. सध्या जेवताना त्याचा मोबाईल ताटाशेजारी असतो, मेसेज वाजला की घास तसाच ठेवून बघतो आणि तो रिचार्जचा मेसेज असतो. भावजयीच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारणला आहेत. खताच्या दुकानासमोरून जायला नको म्हणून तो मागच्या गल्लीने जातो, बीपीची गोळी विसरतो, पोरावर उगाच खेकसतो. मुळात माणूस एकदम शांत आहे हो, बिल जमा झालं की चार दिवसात परत हसून बोलायला लागतो, हे मी दर हंगामाला बघतोय.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात आला होता. तीच माणसं, तोडीआधी हात रिकामा असताना आणि तोडीनंतर पैसे हातात आल्यावर, दोन्ही वेळा त्यांना आकृत्यांची कोडी वगैरे सोडवायला दिली, तर आधी जास्त चुका आणि नंतर कमी. माणूस तोच, अक्कल तीच, पण पैशाच्या विवंचनेत डोकं एवढं अडकलेलं की दुसऱ्या कशाला जागाच राहत नाही. अशा माणसाला मन स्थिर ठेवा म्हणून सांगणं मला तरी क्रूर वाटतं. ज्याचं सगळं भागलेलं आहे त्याने अजून हाव करू नये हे मान्यच, त्यावर वाद नाही, पण तो उपदेश त्यालाच करा की.

कायदा काय सांगतो बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यात द्यायची मुभा देणारा जीआर काढला तो मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केला. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर टनाला ३५५० रुपये एफआरपी आहे, तोडणी वाहतूक त्यातूनच जाते. म्हणजे कागदावर दर पण आहे, तारीख पण आहे आणि दंड पण आहे, तरी आमच्याकडे बिल विचारायला कारखान्याच्या गट ऑफिसला गेलं की होईल की पुढच्या आठवड्यात, एवढंच उत्तर.

कारखान्यांची पण अडचण असेल, नाही म्हणत नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला किलोला ३१ रुपये ठरला आणि नंतर कित्येक वर्ष हलला नाही, एफआरपी मात्र वाढत गेली, तो प्रश्न सरकारने सोडवायलाच पाहिजे. पण तोपर्यंत कारखान्याची सगळी ओढाताण शेतकऱ्याच्या घरात का आणून टाकायची? कामगारांना, ठेकेदाराला निदान तोंडावर काहीतरी तारीख सांगतात, शेतकऱ्याला तेवढी पण नाही.

मागणी साधी आहे. पैसे कमी असतील तर तसं सांगा, पण तारीख सांगा आणि ती पाळा. गट ऑफिसच्या बोर्डावर कोणत्या पंधरवड्याचं बिल कधी जमा होणार ते लिहा. आणि १४ दिवस उलटले की व्याज आपोआप लागायला पाहिजे, शेतकऱ्याने अर्ज करायची, मोर्चा काढायची वेळ येऊ नये. सध्या बिलाच्या पावतीवर कपातीचे रकाने भरपूर आहेत, सोसायटी, तोडणी, वाहतूक, भाग रक्कम, त्यातच उशिराच्या व्याजाचा एक रकाना छापायला साखर आयुक्तांनी कारखान्यांना सांगावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सांगली