टेझरचे नियम लिहिताना : लेकीस पत्र

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

पोलिसांनी टेझर, म्हणजे विजेचा झटका देऊन माणसाला रोखणारे हत्यार, कसे वापरावे याच्या नियमांचा तुमच्या नागरिक समितीचा मसुदा वाचला. ‘आवश्यक वाटल्यास योग्य तेवढा वापर करावा’ हे वाक्य आधी खोडून टाक. चौकशीच्या वेळी योग्य म्हणजे किती, हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो. नियमात सेकंद लिहा आणि माणूस कोणत्या अवस्थेत असताना टेझर चालेल तेही लिहा.

बऱ्याच टेझरमधून तारा जोडलेले दोन प्रोब, म्हणजे अंगात रुतणारे छोटे टोकदार काटे, सुटतात आणि ट्रिगर एकदा दाबला की ५ सेकंद शॉक बसतो. बऱ्याच मॉडेलांत ट्रिगर दाबून धरला तर तो पुढेही चालू राहतो. काहींत ५ सेकंदांनी आपोआप थांबण्याची सोय असते. ती खरेदीच्या अटींतच घाला. दोन प्रोबमध्ये साधारण फूटभर अंतर पडले तरच स्नायू नीट आखडतात. जुन्या मॉडेलांत खालचा प्रोब ८ अंश खाली झुकून सुटतो, म्हणजे ७ फुटांवर एक फूट अंतर मिळते. ३ फुटांवरून मारले तर जेमतेम ५ इंच. मग नुसती वेदना होते, माणूस काही थांबत नाही. एक प्रोब सैल जाकिटात अडकला तर विजेचे मंडलच पूर्ण होत नाही.

खरी गोम पुढे आहे. शॉक चालू असताना पोलीस ओरडतात, “हात मागे घे!” स्नायू आखडलेला माणूस हात मागे घेणार कसा? त्याचा ‘प्रतिकार’ समजून दुसरा शॉक, मग तिसरा. म्हणून प्रत्येक ५ सेकंदांनंतर थांबून, आज्ञा पाळायला वेळ देऊन, पुढच्या शॉकचे कारण स्वतंत्र नोंदवावे, असे कलम हवे. बेड्या घालायच्या तर जोडीदाराने शॉक चालू असतानाच घालाव्यात. त्याचा सराव प्रशिक्षणात करून घ्यावा लागतो. एकूण मर्यादा १५ सेकंद. अमेरिकी न्याय खात्याच्या कॉप्स कार्यालयाने पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या पोलीस-संशोधन संस्थेबरोबर २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १५ सेकंदांपुढे जीवाचा धोका वाढू शकतो, असे बजावले आहे. सलग असो वा तुकड्यांत, आणि दोघांनी मारले तरी बेरीज एकच धरा.

केव्हा वापरायचा याबाबत तुमच्या नॉर्थ कॅरोलायनाला चौथ्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाचा पाइनहर्स्ट गावाविरुद्धच्या खटल्यातला २०१६चा निकाल लागू आहे. मनोरुग्ण माणूस इस्पितळाबाहेर खांबाला घट्ट धरून बसला होता. त्याला सुमारे दोन मिनिटांत पाच वेळा शॉक दिला आणि तो थोड्याच वेळात दगावला. टेझरने टळेल असा तातडीचा धोका दिसत असेल तरच तो वापरावा, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा ‘ऐकत नाही’ किंवा ‘पळतो आहे’ एवढ्यावर टेझर नाही. बेड्या घातलेल्यावर नाही. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारे माणूस यांच्यावर जीवावरचा प्रसंग असल्याशिवाय नाही. उंचावर, पाण्यात, पेट्रोलच्या वासात तर नाहीच. अल्कोहोल असलेला मिरची फवारा मारला असेल तर ठिणगीने पेट घेतो. डोके, मान, गुप्तांग वगळा. छातीही टाळावी, असे कंपनीनेच २००९ पासून सांगितले आहे.

टेझरचा होल्स्टर (कमरेला लावायचे म्यान) पिस्तुलाच्या उलट्या बाजूला हवा, हे कलम तुम्ही घातलेच आहे. पण २०२१ साली मिनेसोटात ब्रुकलिन सेंटरला होल्स्टर तसाच होता, तरीही टेझर समजून पिस्तूल झाडले गेले. त्यामुळे ताणाखाली हात कुठे जातो याचा सराव वारंवार करून घेणे हेही नियमातच लिहा.

खाली पडलेल्याला लगेच कुशीवर वळवा, पालथा दाबून ठेवू नका. डोळ्यात, मानेत किंवा नाजूक जागी रुतलेला प्रोब डॉक्टरच काढतील.

नोंदींकडे तुम्ही फार दुर्लक्ष केले आहे. ट्रिगर किती वाजता आणि किती सेकंद दाबला हे यंत्र साठवून ठेवते. ती नोंद ज्याने टेझर चालवला त्याने नव्हे, वरिष्ठाने उतरवावी. यंत्राचे घड्याळ पुढेमागे सरकते. ते बॉडी कॅमेऱ्याशी नियमित जुळवले नाही तर दोन पुराव्यांत मिनिटांचा फरक पडतो आणि वकील नेमके तेवढ्यावरच बोट ठेवतात. आणि टेझरचा नेम धरायचा लेझर नुसता रोखला, प्रोब सुटले नाहीत, तरी तो वापर म्हणूनच नोंदवा. इंग्लंडमध्ये तसेच करतात.

तुझी,
आई