भजनी मंडळांना पेटी मिळेल, वह्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये भांडवली अनुदान देण्याचा निर्णय सरकारने २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर जाहीर केला. पेटी, पखवाज, वीणा, टाळ अशा साहित्यासाठी हा पैसा आहे. बेरीज केली तर साडेचार कोटी. परळच्या एका भजनी मंडळात मी बरीच वर्षे पेटी वाजवतो, तेव्हा या निर्णयाला नाक मुरडण्याचे मला काहीच कारण नाही. पखवाजाची पुडी बदलायची वेळ आली की वर्गणीसाठी कोणाकोणाच्या दारात उभे राहावे लागते ते आम्हालाच ठाऊक. पण वाद्य आज ना उद्या दुकानात मिळते. मंडळाची जुनी वही एकदा रद्दीत गेली की कुठल्याही भावाने मिळत नाही. त्या वह्यांसाठी सरकारने काही दिले नाही, आणि आम्ही मंडळवाल्यांनी कधी काही मागितलेही नाही. मला दुसऱ्या गोष्टीचे जास्त वाईट वाटते.

ज्यांनी अशी वही पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जाड पुठ्ठ्याची वही, वर मंडळाचे नाव, गावदेवीचे नाव, गाव आणि तालुका. आत बुवांच्या हातचे अभंग, भजनाच्या क्रमाने: स्तवन, रूपाचा अभंग, गजर, गवळण, शेवटी भैरवी. मागच्या पानांवर मात्र वेगळाच संसार असतो. टाळांचे जोड कोणाकडे किती, कोणाची वर्गणी थकली, कुठल्या पूजेची सुपारी घेतली, गाडीभाडे किती झाले, कोण न सांगता गैरहजर राहिला. मंडळ नोंदलेले असेल तर हिशेब आणि ठराव धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात, कायद्याने ते ठेवावेच लागतात. गाण्याची वही ठेवायला कोणताही कायदा सांगत नाही. म्हणून शंभरी गाठलेल्या मंडळाकडेही कपाटभर पावतीपुस्तके असतात आणि पूर्वी कोणते अभंग कसे म्हटले जात हे सांगणारा कागद एकही नसतो.

गिरणगावात हे नुकसान दोनदा झाले. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांची गावाच्या नावाची खोली असायची. पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने तिथे झोपायची आणि मंडळाची पेटी, पखवाज, वह्यांची ट्रंक त्याच खोलीच्या माळ्यावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप लांबत गेला, तशी माणसे गावी परतली, खोल्या रिकाम्या झाल्या, ट्रंका कोणाकोणाबरोबर गेल्या. काही मंडळे गावाकडे पुन्हा उभी राहिली, बरीच राहिली नाहीत. आता दुसरी पाळी पुनर्विकासाची. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उठत आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. लोकांना चांगले घर मिळाले याचा आनंदच आहे. पण घर बदलताना माणूस आधी काय टाकतो? माळ्यावरचे सामान. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी इथली उरलेली कुटुंबे हलण्याआधी वह्या वाचवण्याचे काम झाले तर झाले.

‘भजनाच्या वहीत कसला आलाय इतिहास’ असे विचारणारे आमच्यातही आहेत. त्यांना मी तुकोबांच्या गाथेची आठवण करून देतो. मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली आणि शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादलेली गाथा कशावरून छापली? देहू, कडूस, तळेगाव, पंढरपूर इथल्या वह्यांवरून. वारकऱ्यांनी, त्यांच्या वंशजांनी घरात आणि फडांत पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या वह्या होत्या त्या. त्या कामासाठी सरकारने २४ हजार रुपये दिल्याचे सांगतात. आज जवळपास तेवढीच रक्कम एका मंडळाला पेटी-पखवाजासाठी मिळते आहे. दीडशे वर्षांत रुपयाची किंमत कुठून कुठे आली हे सोडा, पण त्या वेळच्या सरकारने पैसा वह्यांवर खर्च केला एवढे तरी लक्षात घ्यावे.

गाणाऱ्या संस्थांत ज्यांनी कागद जपला तेच इतिहासात शिरले, हेही खरे. पुण्यात १८७४ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाजाने १८८७ मध्ये आपल्या कामाचा वृत्तांत इंग्रजीत पुस्तकरूपाने छापून टाकला. त्यामुळे समाजाचा हेतू काय, पाठीराखे कोण, मद्रासमध्ये शाखा कशी निघाली, हे आज कोणालाही वाचता येते. शिकलेल्या, सरकारदरबारी ओळख असलेल्या मंडळींची ती संस्था. त्याच शहरात वीस वर्षांनी, १८९४ पासून, गणपतीपुढे मेळे गाऊ लागले. एकसारखा पोशाख केलेली पोरे, लेझीम, नव्याने रचलेली पदे. पदांची चोपडी आण्या-दोन आण्याला विकली जात. समूहाने गाण्याची एवढी मोठी चळवळ महाराष्ट्रात दुसरी झाली नसेल. तिचा वृत्तांत मेळेवाल्यांनी लिहिला नाही, तो लिहिला पोलिसांनी. मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याची साधने म्हणून १९५८ मध्ये छापलेल्या दुसऱ्या खंडात गणपती उत्सवावरचे सरकारी टिपण वाचायला मिळते. क्रांतिकारक चळवळींची चौकशी करणाऱ्या १९१८ च्या रौलट समितीचा अहवालही सुरू होतो तो मुंबई इलाख्यातल्या गणपती आणि शिवाजी उत्सवांपासूनच. १८६७ च्या छापखाना कायद्यामुळे पुस्तकांची नोंद सरकारकडे करावी लागे, म्हणून काही चोपड्यांची निदान नावे तिमाही याद्यांत सापडतात. मेळ्यांवर डोळा ठेवणाऱ्यांनी त्यांचे दप्तर बांधले आणि ज्यांनी ती पदे गायली त्यांच्या घरी काही उरले नाही.

यातली सगळी पदे काही आज मिरवावीत अशी नव्हती. सुरुवातीच्या वर्षांतली कित्येक पदे मुसलमानांवर विखार ओकणारी होती. पुढे १९२० नंतर ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांच्या गटाने छत्रपती मेळा काढला, त्याची पदे ब्राह्मण पुढाऱ्यांवर तुटून पडणारी. त्यांना उत्तर म्हणून समोरच्या मेळ्यांनीही काही कमी केले नाही. पण ती पदे झाकून ठेवून त्या काळचे पुणे कसे कळणार? दोन्ही बाजूंची पदे शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, आणि त्यासाठी ती आधी हाती लागली पाहिजेत.

मेळ्यांतून पुढे नावारूपाला आलेल्यांची आठवण दर गणेशोत्सवात निघते. सुलोचना चव्हाण गिरगावातल्या श्रीकृष्ण बाल मेळ्यातून आल्या हे आपणही छापले असेल. त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरणारी बाकीची मुले-मुली कोण होती? आमच्या भजनात ज्याला आपण कोरस म्हणतो, तो कोरस कायम बिननावाचा. बुवांचे नाव फलकावर, पखवाजीचे बुवांच्या नावाखाली, झांजवाल्याचेही कधी कधी. मागच्या दहा-बारा जणांची नावे फक्त त्या वहीच्या शेवटच्या पानावर, तीही वर्गणी थकली म्हणून.

आता खरी अडचण सांगतो. वह्या जमवल्या, त्यांचे फोटो काढले, तरी अर्धेच काम होईल. आमच्या वह्यांत अभंगाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या नाट्यपदाचे किंवा सिनेमातल्या गाण्याचे नाव असते, कधी नुसते ‘चाल बुवांची’ किंवा ‘चाल जुनी’. स्वरलेखन कोणी करत नाही, कारण शिकणारा समोर बसूनच शिकतो. नाट्यपद ठाऊक असले तरी बुवांनी त्यात केलेला फेरफार, गजर कुठे दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जायचा, कोरसने ध्रुपद कुठे उचलायचे, हे काहीच कागदावर नसते. ‘चाल जुनी’ या दोन शब्दांत काय आहे ते सांगणारे गावोगाव एकदोघेच उरलेत, आणि ते सत्तरीपुढचे आहेत. म्हणून वही त्या माणसापुढे उघडून ठेवायची, पानामागून पान त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे. आवाज थकला असला तरी चालेल, सूर हलला तरी चालेल. ज्या मंडळांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्या बाऱ्या, म्हणजे भजनाचे सामने, कॅसेटवर घेतल्या होत्या त्यांनी त्या कॅसेट बुरशी लागण्याआधी उतरवून घ्याव्यात. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस अजून एखाद्या गल्लीत सापडतो, पण किती दिवस?

सरकारकडून मागणे फार नाही. अनुदान घेणाऱ्या मंडळाने अर्जासोबत मंडळाच्या इतिहासाचे एक पान आणि आपल्याकडच्या वह्यांची यादी द्यावी, एवढी अट पुढच्या वेळी घालावी. वह्या सरकारने ताब्यात घेऊ नयेत. घेतल्या तर कोणी देणारही नाही. यादी पुराभिलेख संचालनालयाकडे राहावी, म्हणजे उद्याच्या संशोधकाला कुठल्या तालुक्यात कोणाच्या घरी काय आहे ते कळेल. ज्यांना वही सांभाळणे जमत नाही त्यांच्यासाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्यासारख्या संस्थांनी स्वतःहून दार उघडावे. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव फिरले; आपल्याला निदान दारी आलेली वही आत घेता यावी.

महिला मंडळांचा विचार वेगळा करावा लागेल. दुपारची कामे आटोपून देवळात जमणाऱ्या या बायका नोंदणीच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, त्यामुळे कुठल्याच यादीत येत नाहीत. त्यांच्या वह्या म्हणजे मुलांच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली पाने. पण जात्यावरच्या आणि देवीच्या गाण्यांपैकी काही या वह्यांत जशीच्या तशी उतरलेली मी पाहिली आहेत, आणि आम्हा पुरुष मंडळांच्या वह्यांत ती कुठेच नाहीत.

एका हरकतीची मला खात्री आहे, कारण ती आमच्याच मंडळात निघाली. डबलबारीचे, म्हणजे दोन मंडळांच्या समोरासमोरच्या भजन-सामन्याचे, बुवा आपली वही दुसऱ्या बुवाला दाखवत नाहीत. समोरच्याला कुठल्या गजराने अडवायचे, कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या अभंगाने द्यायचे, हे त्यात असते. ती उघड झाली तर बारी हरली. हा राग खोटा नाही, ही त्यांची रोजीरोटीही आहे. अशा वह्यांचे फोटो पाकिटात बंद करून, बुवा म्हणतील तितकी वर्षे उघडायचे नाहीत अशी लेखी कबुली देऊन, ठेवता येतील. आमच्या बुवांनी दहा वर्षे मागितली, आम्ही कबूल केली.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. गणेशोत्सवाच्या पुरवणीत दरवर्षी मोठ्या मंडळांच्या मूर्तींचे फोटो येतात. त्यातले एक पान या वर्षी जुन्या मेळ्यांच्या आणि भजनी मंडळांच्या सामूहिक फोटोंना द्यावे, आणि फोटोखाली कोरसमधल्या माणसांची नावे वाचकांकडून मागवावीत. लालबाग-परळमधून पहिला फोटो आमचे मंडळ पाठवील. त्यात मागच्या रांगेतल्या तिघांची नावे आम्हालाही लागलेली नाहीत.

आपला नम्र,
एका भजनी मंडळाचा पेटीवाला, परळ